जुनी शंभर सीसी, हरवलेला पिकअप : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत ठाणे आणि नवी मुंबईचाच भरणा आहे, आणि तक्रारही बहुतेकांची एकच: जुनी गाडी किकला लगेच सुरू होते, रस्त्यावर धावते, पण उचलत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे. पुढच्या बऱ्याच उत्तरांचा पाया तिथेच आहे, म्हणून कापलं नाही.

प्रश्न : माझ्याकडे १९९२ ची यामाहा आरएक्स १०० आहे. माजिवड्याच्या सिग्नलवरून सुटताना हल्लीच्या १२५ सीसी स्कूटरही पुढे निघून जातात. मेकॅनिक म्हणतो, मोठा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बसवू. बसवू का? (कोलशेत, ठाणे)

आत्ता तरी नको. ही गाडी नवी होती तेव्हा तिचं ९८ सीसी इंजिन ७५०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) ११ बीएचपी (अश्वशक्ती) देत होतं आणि गाडीचं वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास होतं. एवढ्या भांडवलावर स्कूटरला मागे टाकणं तिला आजही जमायला हवं. जमत नसेल तर मूळची ताकद कुठेतरी गळते आहे. ती गळती न शोधता मोठा कार्बोरेटर लावला, तर पेट्रोल वाढेल, खालच्या आरपीएमला गाडी अडखळेल आणि पिकअप होता तिथेच राहील.

बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरुवात करा. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. ते मोकळं फिरत राहिलं पाहिजे. अर्ध्या फेरीत थांबलं तर ब्रेक धरतोय, चेन जास्त ताणलेली आहे किंवा बेअरिंग संपलं आहे. चेनला मध्यभागी २० ते ३० मिलिमीटर ढील हवी. चेन ताणून धरून २० कड्या मोजा. नव्या ४२८ चेनमध्ये त्यांची लांबी २५४ मिलिमीटर भरते. २५९ च्या वर गेली असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) एकत्रच बदला, नुसती चेन बदलू नका.

मग एक्सलरेटरची केबल. कार्बोरेटरची मागची एअर फिल्टरची नळी काढा, इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि आत डोकावून पाहा. स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) वर जाऊन तोंड पूर्ण मोकळं झालं पाहिजे. जुन्या ताणलेल्या केबलमुळे स्लाइडचा काही भाग तोंडात लोंबकळत राहतो आणि मालक वर्षानुवर्षं पाऊण थ्रॉटलवरच गाडी चालवत असतो. हा दोष इतका साधा आहे की गॅरेजमध्ये तो कुणी बघतच नाही. केबल नीट बसवताना ऑईल पंपाची केबलही जुळवा. आरएक्स टू-स्ट्रोक आहे आणि तिला ऑटोल्यूब (इंजिनला ऑईल आपोआप पुरवणारा पंप) आहे, मूठ पिळली की पंपही त्याच प्रमाणात उघडतो. पंपावरच्या खुणा जुळल्या नाहीत तर इंजिनला ऑईल कमी मिळेल.

क्लच घसरतो का, हे मोकळ्या रस्त्यावर कळतं. तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला मूठ एकदम पूर्ण उघडा. आवाज चढला पण वेग तसा वाढला नाही, तर क्लच प्लेट किंवा स्प्रिंग गेल्या आहेत. प्लेट मागवण्याआधी गिअर ऑईल कोणतं भरलंय ते विचारा. कारचं ऑईल भरलं असेल तर आधी तेच बदला, त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे ऑईलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेट घसरतात. डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं मोटरसायकलचं ऑईल घ्या.

एवढं सगळं ठीक निघालं, तर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं यंत्र) लावा. इंजिन गरम, मूठ पूर्ण उघडी, प्लग काढून त्याचं टोक हेडला टेकवलेलं, आणि काटा चढायचा थांबेपर्यंत किक. आमच्या मते ११० ते १२५ पीएसआय आलं तर बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) ठीक आहे आणि ९० च्या खाली असेल तर सिलिंडर उघडायलाच हवा. पिस्टनची रिंग काढून बोअरमध्ये सरळ बसवा आणि टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. ५० मिलिमीटरच्या बोअरला ती साधारण ०.१५ ते ०.३५ असावी. बोअर अंडाकृती झाला असेल तर नव्या रिंगा टाकून काही होत नाही. पुढच्या मापाचा पिस्टन घेऊन रिबोअर करा, म्हणजे सिलिंडर आतून कातून घ्या. मापं पाव मिलिमीटरने वाढतात: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. पिस्टन आधी विकत घ्या आणि तोच लेथवाल्याच्या हातात द्या. वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीच्या आसपास बोअरिंग आणि होनिंग (आतल्या भिंतीवरचं बारीक घासकाम) दोन्ही करणारा शोधा. नुसतं बोअर करून होनिंग टाळलं तर रिंगा बसत नाहीत.

सिलिंडर उघडाच असताना एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर पडायची वाट) पाहा. तिथे कार्बनचा थर साचून तोंड बारीक झालेलं असतं. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या बोथट पट्टीने खरवडा, स्क्रू ड्रायव्हर लावू नका. रीड व्हॉल्व्हच्या (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या) पाकळ्याही उजेडाकडे धरून बघा. कडा तुटलेली किंवा पाकळी बैठकीवरून उठलेली असेल तर खालचा पिकअप तिथूनच जातो.

शेवटचा चोर म्हणजे क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे) ऑईल सील. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबलं जातं, त्यामुळे सील फाटला की पंपच फाटल्यासारखं होतं. मॅग्नेट बाजूचा सील गेला तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं आणि मूठ सोडल्यावरही आरपीएम लगेच उतरत नाही. तशी गाडी ताणत राहिलात तर एक दिवस पिस्टन जाम. क्लच बाजूचा गेला तर गिअर ऑईल जळतं, पांढरा धूर निघतो आणि ऑईलची पातळी उतरत जाते. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं रबर तडकलं तरी हवा तशीच शिरते. ३० वर्षं इंजिन उघडलेलं नसेल तर दोन्ही सील बदलण्यावाचून पर्याय नाही.

प्रश्न : गाडी पूर्ण दुरुस्त आहे, तरी पारसिक हिलच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गुदमरते आणि पहिला टाकला तर ओरडते. पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं १३ दातांचं केलं तर? (सीबीडी बेलापूर)

करा. सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक पडणारा हाच बदल. १४ भागिले १३ म्हणजे १.०७७, म्हणजे मागच्या चाकावर येणारा जोर प्रत्येक गिअरमध्ये जवळपास ८ टक्क्यांनी वाढतो. एवढा जोर इंजिनमधून काढायचा तर पोर्टिंग (पोर्टचा आकार बदलणं), सायलेन्सर आणि जेटिंग (कार्बोरेटरचे जेट बदलणं) असं बरंच काही करावं लागेल. किंमत अशी की ज्या आरपीएमला आधी ६० चा वेग मिळत होता, तिथे आता ५६ मिळेल. घाटात, सिग्नलला आणि गल्लीत फायदा. सायन-पनवेल महामार्गावर रोजचा प्रवास असेल तर इंजिन सतत किंचाळत राहील आणि पेट्रोलही जास्त लागेल.

मागचं स्प्रॉकेट बदलूनही हेच साधतं. पुढे एक दात कमी करणं म्हणजे मागे साधारण तीन दात वाढवणं. पुढचं स्वस्त आणि अर्ध्या तासाचं काम आहे, पण चेन लहान वर्तुळात वळत असल्याने थोडी लवकर झिजते. मागचं मोठं केलं तर चेन लहान पडू शकते. पुढचं १३ च्या खाली मात्र नेऊ नका. वेगकाटा पुढच्या चाकावरून चालतो, त्यामुळे त्यात काही फरक पडणार नाही.

प्रश्न : आरएक्सचा मागचा टायर रुंद करून १००/९०-१८ टाकला. दिसायला छान, पण तेव्हापासून गाडी जड वाटते. भास आहे का? (खारघर)

भास नाही. मूळ २.७५-१८ टायरचा व्यास अंदाजे ६०० मिलिमीटर, तुमच्या टायरचा ६३७. चाक सहा टक्क्यांनी मोठं झालं म्हणजे गिअरिंग तेवढंच लांबलं. वरच्या उत्तरात एक दात कमी करून जे मिळालं, ते तुम्ही जवळपास सगळं परत दिलंत. शिवाय रबराचं वजन चाकाच्या कडेला, जिथे ते फिरवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. त्यात आरएक्सची रिम अरुंद आहे, तिच्यावर हा टायर चिमटून बसतो. मूळ माप परत आणा.

प्रश्न : सायलेन्सरमधला बफल (आवाज दाबणारी भोकांची नळी) काढला, एअर फिल्टरही काढून टाकला. आवाज रेसिंगचा येतो, पण पिकअप उलट कमी झाला. (नेरुळ)

कमी होणारच होता. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचं काम आवाज दाबण्यापुरतं नाही. त्याच्या फुगलेल्या आणि मग निमुळत्या होणाऱ्या आकारावरून दाबाची लाट मागे फिरते आणि पोर्टमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. बफलमुळे मागे जो दाब राहतो, तोही या हिशेबात धरलेला असतो. तो काढला की हिशेब बिघडतो आणि खालचा, म्हणजे शहरात लागणारा जोर जातो. फिल्टर काढल्यामुळे मिश्रणही पातळ झालं, त्यात धूळ थेट बोअरमध्ये. घोडबंदर रोडवरच्या बांधकामांच्या धुळीत अशी गाडी फिरवली तर रिंगा फार काळ टिकणार नाहीत.

बफल परत बसवा, पण साफ करून. जुन्या बफलची भोकं ऑईलच्या काजळीने बुजलेली असतात. ब्लो लॅम्पने लाल होईपर्यंत तापवून जाळा, थंड झाल्यावर तारेच्या ब्रशने घासा. हे उघड्यावर करा, धूर फार येतो. फिल्टर फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुवा, सुकवा, इंजिन ऑईलमध्ये बुडवून दोन्ही तळव्यांत दाबून जास्तीचं ऑईल काढा. पिळलात तर फोम फाटतो.

प्रश्न : हिरो होंडा सीडी १०० ला आरएक्ससारखा पिकअप येईल का? (ऐरोली)

नाही. ९७ सीसीचं ते फोर-स्ट्रोक इंजिन मायलेजसाठी बनवलेलं आहे आणि तीच त्याची मोठी गोष्ट आहे. मूळची ओढ मात्र परत आणता येते. थंड इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना दोन्ही व्हॉल्व्हची फट ०.०५ मिलिमीटर करा. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचा आवाज अजिबात येत नाही म्हणून खूश होऊ नका: फट बुजली असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. गेजवर आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्हचा, मग लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून नीट बसवणं) करून घ्या.

प्रश्न : राजदूत १७५ मध्ये पेट्रोलमध्ये जास्त टू-टी ऑईल टाकलं तर इंजिन सुरक्षित राहतं आणि ताकदही वाढते, असं ऐकलं. शिवाय आताच्या पेट्रोलमुळे गाडी अडखळते. (कळवा)

जास्त ऑईलने ताकद वाढत नाही. कार्बोरेटरच्या जेटमधून (बारीक भोकातून) तेवढाच द्रव जातो. त्यात ऑईल वाढलं म्हणजे पेट्रोल कमी झालं, आणि मिश्रण पातळ होतं. शिवाय प्लग काळा पडतो, पोर्ट बुजतात. ऑईल आणि पेट्रोलचं प्रमाण १ : २५ म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. मापाच्या बाटलीने मोजा, पंपावरच्या अंदाजावर सोडू नका.

पेट्रोलचा मुद्दा बरोबर आहे. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १३.५. जुना कार्बोरेटर स्वतःहून जुळवून घेत नाही, म्हणून मिश्रण ७-८ टक्के पातळ पडतं. कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर उचलली जाईल. एअर स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरी उघडा आणि तिथून अंदाज घ्या. पूर्ण मुठीला ओढ नसेल तर मेन जेट एक पायरी मोठा. प्लग फिकट पांढरा म्हणजे अजून पातळ, विटकरी-तपकिरी म्हणजे बरोबर, काळा-ओला म्हणजे जास्त झालं. जुन्या रबरी नळ्या बदला. पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करून ठेवा, इथेनॉल पाणी ओढतं. महागड्या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनांना काही मिळत नाही.

प्रश्न : हे सगळं केल्यावर पीयूसी मिळेल का? गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली तर? (वाशी)

३१ मार्च २००० च्या आधी बनलेल्या दुचाकीला आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.५ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) ९००० पीपीएमपर्यंत मुभा आहे. नीट बसवलेली आरएक्स त्यात येते. चाचणीआधी गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा, थंड टू-स्ट्रोक नापास होते. व्हिंटेजचा विचार सोडा: २०२१ च्या नियमांत ती नोंदणी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांनाच आहे, आणि तशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. तुमच्या गाडीला साधं नूतनीकरण, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी. तपासणीला जाताना बफल आत असू द्या.