आजोबांच्या पेटीत खान्देश दाखवणारा अठराव्या शतकातला इंग्रजी छापील नकाशा सापडला आहे. तो खरा कसा ओळखावा, फ्रेम कुठे करावी आणि विकल्यास किती पैसे येतील?

तुमच्या प्रश्नात ‘फ्रेम’ हा शब्द वाचला आणि पोटात गोळा आला. म्हणून लिहितोय. पैशांचं शेवटी बघू.

मी भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होतो. धुळे-नंदुरबारच्या शिवारात बत्तीस वर्षं मोजणी केली. आमच्या आबांनी स्वातंत्र्याच्या सुमारास कुठल्याशा बंगल्याच्या लिलावात एक सागवानी पेटी घेतली होती. तिच्या तळाशी, कापसाच्या जुन्या पावत्यांखाली, चार घड्या घातलेला एक नकाशा होता. इंग्रज नकाशाकार जेम्स रेनेलचा ‘हिंदुस्तान’, १७८२ सालचा. दोन तुकड्यांत छापलेल्या नकाशाचा आमच्याकडे एकच तुकडा. त्यात ‘सी’ने सुरू होणारं ‘कँडेश’ असं आमच्या मुलखाचं नाव, आणि खाली तापी. लहानपणी दिवाळीला धाब्याच्या घरातली पेटी उघडायची तेव्हा मी त्या अक्षरांवरून बोट फिरवायचो. शाई बोटाला लागायची, म्हणजे तिचा किंचित उंचवटा कळायचा. कारण तेव्हा माहीत नव्हतं.

ते असं. नकाशा तांब्याच्या पत्र्यावर उलटा कोरलेला असतो, नावंसुद्धा उलटी. खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. खाचेतली शाई कागदावर उभी राहते आणि पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर कायमचा उमटतो, चारी बाजूंनी, छपाईच्या जरा बाहेर. नखाला ती पायरी लागते. तुमच्या नकाशाला ती असेल तर निम्मं काम झालं. भिंग लावा. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती हल्लीची ऑफसेट छपाई, चहाच्या ट्रेखाली घाला. उजेडाकडे धरून बघा, त्या काळच्या कागदात बहुधा जाळीच्या समांतर रेघा दिसतात. जुना हिरवा रंग तांब्याचा असल्याने कागद खातो, मागच्या बाजूने तिथे तपकिरी डाग येतो. डाग दिसला म्हणून रडू नका, तो चांगला साक्षीदार आहे.

आता आमचं. वाटणीत पेटी माझ्या मोठ्या भावाकडे, नानाकडे गेली. तक्रार नव्हती. नानाने नकाशा फ्रेमवाल्याकडे नेला. तयार चौकट स्वस्तात पडत होती, नकाशा तिच्यापेक्षा दीड बोट मोठा. फ्रेमवाल्याने कडा कापल्या. पत्र्याची ती पायरी ज्या पट्टीत होती तीच. उरलेला नकाशा खळ लावून प्लायवर चिकटवला. मी बोललो तर नाना म्हणतो, “अरे, कोरंच तर व्हतं ते, कापलं तर काय बिघडनं?”

वर आणखी एक. दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर हसत म्हणाला, “आपलं गावच नही शे यामा, मंग हाऊ कसाना नकाशा?”

माझं डोकं फिरलं. नकाशाचं माप एका अंशाला एक इंच. बऱ्हाणपूर ते नंदुरबार साधारण दोन अंश. म्हणजे सगळा खान्देश दोन इंचांत. मी पट्टी लावून दाखवली. त्यात आमचं तीनशे उंबऱ्याचं गाव कुठे बसवायचं, डासाच्या पायावर?

आणि रेनेल इथे आलाच नव्हता. पंचविशीच्या आत बंगालचा सर्व्हेअर जनरल झालेला माणूस, १७६७ साली. गंगा, ब्रह्मपुत्रा पालथ्या घातल्या. भूतानच्या हद्दीजवळ हत्यारबंद संन्याशांशी झालेल्या चकमकीत तलवारीचे वार झेलले, तब्येत कायमची खालावली, १७७७ ला नोकरी सोडून विलायतेला गेला. हा नकाशा लंडनमध्ये बसून केलेला. खान्देश तेव्हा मराठ्यांच्या ताब्यात, इंग्रजाला इथे मोजणीची साखळी टाकायला कोण देणार? इंग्रजी अंमल आला १८१८ ला. मग त्याला हा पट्टा कसा कळला? काल्पीहून निघालेली इंग्रज सेनापती गॉडर्डची फौज १७७९ च्या जानेवारीअखेर बऱ्हाणपुरात आली आणि फेब्रुवारीअखेर सुरतेला पोचली. त्या कूचाची टिपणं रेनेलने वापरली. म्हणजे फौज जिथून गेली तिथला मुलूख दिसतो, बाकी कोरा. ज्याच्या हाती फारसं काही नव्हतं अशा द’आंव्हिल या फ्रेंच नकाशाकाराचं रेनेल मोकळ्या मनाने कौतुक करतो. द’आंव्हिलनेही १७५२ चा भारताचा नकाशा पॅरिसमध्ये बसूनच केला, आणि माहिती नाही तिथे जागा सोडली. त्याआधीच्या शतकात अशी जागा दिसली की हत्ती काढून मोकळे व्हायचे.

कोरी जागा सोडायला हिंमत लागते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी साक्रीकडे एका शेतात पाऊस आला म्हणून आत न जाता, मालकाच्या सांगण्यावरून टिपणात विहीर टाकली. विहीर बांधाच्या पलीकडे होती, भावकीच्या वाट्यात. दोन वर्षं ती भांडणं चालली आणि मला मेमो मिळाला, रास्तच. रेनेलला मेमो देणारं कोणी नव्हतं, तरी त्याने विहीर टाकली नाही.

तुमच्या प्रश्नाकडे. फ्रेम करायचीच तर कापू नका, चिकटवू नका, लॅमिनेशन तर नकोच नको. आम्लरहित कागदाचा माउंट, म्हणजे नकाशाभोवतीचा जाड पुठ्ठा, कोपऱ्यांना कागदी कोन, काचेला नकाशा टेकता कामा नये, भिंत उन्हाची नको. फ्रेमवाला ‘चिकटवल्याशिवाय सपाट बसत नाही’ म्हणाला की उठून या. सुरकुतला तर सुरकुतू द्या.

किंमत मी सांगणार नाही. ती आवृत्ती, रंग, कडा, घड्यांवरचे फाटे यांवर ठरते, फोटोवरून आकडा सांगणाऱ्याचं ऐकू नका. शंभर वर्षांपुढची अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. बाहेरून कोणी भरमसाट भाव देत असेल तर आधी ते विचारा.

आणि हो, वर पायरीचं एवढं सांगितलं, पण पायरी नाही म्हणून तुमचा नकाशा खोटा ठरत नाही. कडा कापलेल्या असू शकतात. आमच्यासारख्या.

नाना, तू हे वाचशील ते मला माहीत आहे, भाचा तुला दाखवेलच. नकाशा तुझाच. पण फ्रेमवाल्याच्या दुकानात कचऱ्यातून उचललेली दीड बोटाची ती पट्टी माझ्या जुन्या मोजणीच्या वहीत आहे. ती मी देणार नाही.