“चार दिवस आत बसवा, मग येईल ताळ्यावर”

“अठराच्या आतल्याला कायदा काही करत नाही, म्हणूनच पोरं कोयते घेऊन फिरायला लागलीत. शिक्षा कडक करा, मग बघा.” माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पालक हे वरचेवर बोलतात. बहुतेक वेळा बोलणं दुसऱ्याच्या पोराबद्दल असतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करणाऱ्या एका वडिलांवर मात्र ते स्वतःच्या पोराबद्दल बोलायची वेळ आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

अकरावीतल्या मुलाच्या मोपेडच्या डिकीत त्यांना गोणपाटात गुंडाळलेला कोयता सापडला होता. लायसन्स नसताना गाडी हातात दिली होती, तो विषय वेगळा. आधी त्यांनी पोराला बडवलं, आणि मग माझ्यासमोर बसून म्हणाले, “मॅडम, आमच्या ओळखीचं हवालदार हाईत. चार दिवस कळंब्याच्या जेलात आत बसवतो. आतली माणसं बघितली की आपोआप ताळ्यावर येतंय.”

मी त्यांना सांगितलं की अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. ताब्यात घेतलं तरी चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. दुसरं म्हणजे, जेल दाखवून घाबरवायचा हा प्रयोग जगात होऊन गेलाय. अमेरिकेत 1970च्या दशकात न्यू जर्सीच्या एका तुरुंगात वाट चुकणारी पोरं नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून त्यांना दमदाटी करवत. पुढे अशा कार्यक्रमांचं नीट मोजमाप झालं. तुरुंग बघून आलेल्या पोरांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले होते. वडिलांना हे काही पटलं नाही. “ती अमेरिकेची पोरं,” ते म्हणाले.

मग मी मुलाशी एकट्याशी बोलले. पहिल्या भेटीत तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. दुसऱ्या भेटीत बोलला. फुटबॉलच्या मॅचनंतर दोन पेठांच्या समर्थकांत झटापट झाली, त्यात याच्या कानाखाली बसली. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो चार दिवस सगळ्यांच्या स्टेटसला फिरला. त्यानंतर क्लासला जाताना त्याची वाट अडवायचे. गल्लीतल्या एका थोरल्या पोरानं, वय बावीस-तेवीस, त्याला कोयता आणून दिला. वर सांगितलं, “तू बारका हाईस. हाफ मर्डर जरी झाला तरी तुला काय हुत न्हाई.” (हाफ मर्डर म्हणजे खुनाचा प्रयत्न.)

मी त्याला सरळ विचारलं, अल्पवयीनाला होऊ शकणाऱ्या तीन वर्षांऐवजी चौदा वर्षं शिक्षा असती, तर कोयता घेतला असतास का? तो हसला. “तवा वर्षं कोण मोजत बसतंय व्हय? सगळ्यांचं मोबाईल वर हुतं. पळालो असतो तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नव्हती.”

याच गोष्टीवर 2005 साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला होता. गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ, काहींना एकट्यानं खेळायला दिला आणि काहींना मित्र बघत असताना. मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत. चोविशीच्या पुढच्यांच्या खेळात फारसा फरक पडत नसे. शिक्षेचं भय बसायला आधी हिशोब मांडावा लागतो. आमच्या पोरानं हिशोब मांडला होता तो बघणाऱ्यांचा, न्यायाधीशाचा त्यात नंबरच नव्हता.

आणि कायदा कडक व्हायचा राहिलाय असंही नाही. डिसेंबर 2012च्या दिल्लीच्या प्रकरणात अल्पवयीन आरोपीला तीन वर्षंच झाली म्हणून देश खवळला. त्यानंतर आलेला बाल न्याय कायदा 15 जानेवारी 2016पासून लागू आहे. 16 ते 18 वयाच्या मुलानं किमान सात वर्षं शिक्षेचा घोर गुन्हा केला, खून किंवा बलात्कार, तर मंडळ त्याची मानसिक क्षमता आणि समज तपासून खटला मोठ्यांसारखा चालवायला पाठवू शकतं. फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही, पण वीस वर्षं जाऊ शकतात. वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं, मुलाला तर नाहीच. कुणाला ठाऊकच नसलेली शिक्षा पोरांना घाबरवणार कशी?

हाफ मर्डरबाबत मात्र थोरल्यानं अर्धं खरं सांगितलं होतं. त्या कलमात किमान सात वर्षांची अट नाही, त्यामुळे 2020च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पवयीनाचा असा गुन्हा ‘घोर’ प्रकारात बसत नाही. विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवता येतं. ‘काय हुत न्हाई’ हे साफ खोटं.

कडक शिक्षेनं कुणीच थांबत नाही असं मी म्हणणार नाही. हिशोब करणारा थांबतो. त्या बावीस वर्षांच्या पोराला शिक्षेची इतकी चांगली धास्ती होती, की त्यानं हत्यार दुसऱ्याच्या डिकीत ठेवलं! अल्पवयीनांची शिक्षा वाढवा, तो आणखी लहान पोरगा शोधेल. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड याच कायद्यात आहे, कलम 83. ते कलम वापरा म्हणून मोर्चा निघाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आम्ही आधी वकिलांशी बोललो, मग बाप-लेक ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांकडे गेले. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी असतो, मुलांशी साध्या कपड्यात बोलतो. कोयता जमा झाला. व्हिडिओचं प्रकरण दोन्ही पेठांतल्या तालमींच्या जाणत्या माणसांनी बसून मिटवलं, ते कोल्हापुरात अजून जमतं. घरची शिक्षा मुलाच्या समोरच ठरली: बारावी होईपर्यंत गाडी बंद, आणि रात्री दहाला मोबाईल आईच्या ताब्यात. चौदा वर्षांवर हसलेला पोरगा गाडीच्या किल्लीवरून तासभर भांडला. वडिलांनी रात्रपाळी कमी करून घेतली. त्यात पगार थोडा घटला, आणि घरात त्यावरून कुरबुर आहेच. मुलगा अजून येतो, मधूनच दांडी मारतो.

थोरल्याचं नाव अर्जात लिहायचं ठरलं तेव्हा वडिलांनी विचारलं, “त्याला किती लागतील?”

“सात वर्षांपर्यंत.”

“पण लावतील का ते कलम?”

मी म्हटलं, अर्जाची पोच घ्या आणि पंधरा दिवसांनी परत जाऊन विचारा. पोचेची झेरॉक्स त्यांनी माझ्याकडेही ठेवलीय. दोनदा जाऊन आलेत, येत्या सोमवारी परत जाणार आहेत.