‘पार्ट येत नाही’ असं सांगितलं तर…

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून आली आहे: ‘त्या मॉडेलचा पार्ट आता येत नाही, नवीनच घ्या.’ घरगुती यंत्रं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. या एका वाक्यावर धडधाकट यंत्र भंगारात जाताना पाहिलं की आजही जीव तुटतो. बऱ्याच वेळा पार्ट मिळत असतो, फक्त आपण तो चुकीच्या नावाने मागतो. कंपनीचं नाव सांगून मिळत नाही तो मापाने मागितला की मिळतो. अर्थात, दर वेळी असं होत नाही. जिथे होत नाही तिथेही तसं स्पष्ट लिहिलं आहे.

प्रश्न: आमचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन १४ वर्षांचं आहे. कपडे पिळताना एवढा घरघराट होतो की बोललेलं ऐकू येत नाही. बेअरिंग गेलंय म्हणतात, पण ते सुटं मिळत नाही, अख्खा ड्रम बदलावा लागेल आणि तो ड्रम कंपनीने बंद केलाय. मशीन टाकूनच द्यायचं का?

उत्तर: इतक्यात टाकू नका. बेअरिंग तुमच्या कंपनीने बनवलेलंच नसतं. ते बेअरिंग बनवणाऱ्यांकडून आलेलं असतं आणि त्याची मापं जगभर एकच असतात. कडेवर ६२०५ असं कोरलेलं असेल तर आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. मग ते मशीनमधलं असो की पाण्याच्या पंपातलं. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांना ५ ने गुणलं की भोकाचं माप येतं. म्हणून ६२०६ चं भोक ३० मिलिमीटर. आकड्यापुढे ‘झेडझेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, ‘२आरएस’ असेल तर रबराची. वॉशिंग मशीनमध्ये बहुधा दोन बेअरिंगं असतात, ड्रमकडचं मोठं आणि पुलीकडचं लहान. एकच वाजत असलं तरी दोन्ही बदला.

बेअरिंग आपणहून खराब होत नाही, त्याच्या पुढे बसलेलं, पाणी अडवणारं रबरी कडं म्हणजे ऑइल सील आधी जातं. तिथून साबणाचं पाणी झिरपतं, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळ्या गंजतात. मशीन मागून उघडून पुलीच्या खाली पाहा. टबावर तपकिरी ओघळ दिसला तर समजा सील गेलंय. खरी शोधाशोध त्या सीलचीच असते, कारण त्याचं माप पुष्कळदा दशांशात असतं आणि साध्या दुकानात त्या मापाचं सील नसतं. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तिन्ही आकडे त्याच्या चेहऱ्यावर छापलेले असतात. म्हणून सील स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याआधी कापडाने पुसा आणि आकडे लिहून घ्या. घाईत उचकटलेल्या सीलवर अर्धाच आकडा उरतो, मग पुढचे १५ दिवस अंदाजाने सीलं आणून परत करण्यात जातात.

सील जिथे टेकतं ती शाफ्टवरची पितळी बुश नखाने चाचपून पाहा. नख अडकेल एवढी खाच पडली असेल तर नवं सीलही गळणार. उमेदवारीच्या काळात मी हे न पाहता सील बसवलं होतं. मशीन तीन महिन्यांत परत आलं आणि त्या बाईंचा दुसऱ्यांदा खर्च झाला. ते अजून मनातून गेलेलं नाही. ड्रमच्या पाठीवर तीन हातांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर असतो, तोही खरवडून बघा. पांढरी भुकटी निघून खाली खड्डे दिसले किंवा हाताला चीर असली, तर बेअरिंग बदलून काही उपयोग नाही.

आता वाईट बातमी. काही मशीनांच्या बाहेरच्या प्लॅस्टिक टबाचे दोन भाग स्क्रूने जोडलेले नसून वितळवून एकजीव केलेले असतात. तो टब कापल्याशिवाय आत हात जात नाही. कापून, बेअरिंग बदलून, सिलिकॉन आणि बोल्टने पुन्हा जोडणारे कारागीर आहेत, पण ते काम सवयीच्या हाताचं आहे. तेव्हा मेकॅनिकला पहिला प्रश्न ‘पार्ट मिळतो का’ असा नको. ‘टब स्क्रूचा आहे की वेल्डचा’ हे विचारा.

प्रश्न: फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालंय. कंपनी म्हणते मॉडेल बंद, गॅस्केट नाही.

उत्तर: आधी रबर खरंच गेलंय का ते बघू. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी दर वीतभर अंतरावर हे करा. एकाच कोपऱ्यात पट्टी सहज सुटत असेल तर दोष बिजागरीचा असू शकतो, दार उतरलेलं असतं. रबर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, विशेषतः घड्यांच्या आतून. दबलेल्या जागी हेअर ड्रायरची ऊब देऊन बोटांनी उचला. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

रबर चिरलं असेल तर नवं लागेल, पण ते ‘तुमच्या मॉडेलचं’ असायची गरज नाही. गॅस्केट म्हणजे लांबलचक पट्टी. ती मापाने कापतात, आत चुंबकाची फीत सरकवतात आणि चारही कोपरे ४५ अंशांच्या कोनात कापून, तापवून जोडतात. मापाने बनवून देणाऱ्याला तीन गोष्टी लागतात. पहिली, लांबी-रुंदी. रबर खाचेत दाबून बसणारं असेल तर माप समोरासमोरच्या खाचांच्या मध्यापासून मध्यापर्यंत घ्या. जुन्या दारासारखं आतल्या प्लॅस्टिकखाली स्क्रूने दाबलेलं असेल तर रबराच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत. दुसरी, पट्टीचा छेद. जुन्या रबराचा बोटभर तुकडा आडवा कापून मोजपट्टीशेजारी ठेवा आणि फोटो काढा. तिसरी, चुंबक किती बाजूंना आहे. दोन दारं एकमेकांना भिडणाऱ्या फ्रिजमध्ये एक बाजू वेगळी असते.

नवं रबर घडी पडून येतं. लगेच बसवून ‘हेही सैलच आहे’ म्हणू नका. गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, सपाट जागी पसरून ठेवा, मग बसवा.

प्रश्न: कपडे धुण्याच्या मशीनचा बोर्ड गेला, नवा बोर्ड मिळत नाही. मेकॅनिक म्हणाला आता काही होणार नाही.

उत्तर: बोर्ड गेला हे कशावरून ठरवलं? दाराचं लॉक लागलं असा सिग्नल आला नाही तर मशीन सुरू होत नाही. निचऱ्याचा पंप नाणं किंवा बटण अडकून जाम झाला, तरीही ते मध्येच थांबतं. दोन्ही वेळा दोष बोर्डाच्या माथी मारला जातो. लॉक, पंप आणि कनेक्टर तपासून झाले असतील तरच बोर्ड काढा.

आणि काढल्यावर तो ‘बदलणाऱ्या’कडे नेण्याऐवजी ‘दुरुस्त करणाऱ्या’कडे न्या. ही माणसं वेगळी असतात. बोर्डावरचे शेकडो भाग एकदम मरत नाहीत. बहुधा मरतो तो एखादा रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच), वीज साठवणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर किंवा ट्रायॅक (मोटर-पंपाची वीज आवरणारा भाग). कधी तर नुसती रिलेखालची डाखणी (सोल्डर) तडकलेली असते, भिंगातून पाहिलं तर पायाभोवती बारीक काळं वलय दिसतं. हे सगळे भाग बाजारात सुटे मिळतात. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंश तापमान सोसणाराच घ्या. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून ८५ अंशांचा स्वस्त भाग घालण्यात अर्थ नाही.

भंगारातल्या मशीनचा बोर्ड मिळाला तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. दिसायला हुबेहूब दोन बोर्डांच्या मेमरीत वेगवेगळ्या मोटरची आणि ड्रमची माहिती भरलेली असू शकते. पूर्ण बोर्ड राळेत बुडवलेला असेल तर मात्र दुरुस्ती फार अवघड.

हे काम स्वतः करू नका. २३० व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डाच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तिथेच असतो.

प्रश्न: मॉडेल नंबर सांगूनही चुकीचाच पार्ट येतो.

उत्तर: दारावरचं चकचकीत नाव मॉडेल नंबर नव्हे. खरा नंबर रेटिंग प्लेटवर, म्हणजे यंत्राची माहिती छापलेल्या पट्टीवर असतो: फ्रिजच्या आतल्या भिंतीवर, वॉशिंग मशीनच्या दाराच्या चौकटीत किंवा मागे, लहान यंत्रांच्या बुडाशी. पूर्ण उतरवा, तिरप्या रेघेनंतरचे आकडेसुद्धा. एकाच मॉडेलमध्ये मधूनच पंप बदललेला असतो, तो फरक तिथेच दिसतो. शक्य असेल तर पार्टवरचाच नंबर द्या. आणि ‘तो नंबर बंद’ असं उत्तर आलं तर ‘त्याच्या जागी कोणता नंबर आला’ हे विचारा. कंपन्या जुना नंबर रद्द करून तोच भाग नव्या नंबराने विकतात.

प्रश्न: कंपन्यांनी किती वर्षं पार्ट ठेवले पाहिजेत असा काही नियम आहे का?

उत्तर: युरोपीय संघात आहे, मार्च २०२१ पासून. मॉडेलचं शेवटचं यंत्र बाजारात आल्यानंतर वॉशिंग मशीनचे ठरावीक पार्ट किमान १० वर्षं, फ्रिजचे ७ वर्षं आणि फ्रिजच्या दाराचं गॅस्केट १० वर्षं उपलब्ध हवं. मागणी केल्यापासून कामाच्या १५ दिवसांत ते पोहोचलंही पाहिजे. मात्र मोटर, बोर्ड असे भाग व्यावसायिक दुरुस्तीवाल्यालाच द्यायची सोय त्यात आहे, घरच्या माणसाला नाही. मला हा नियम अपुरा वाटतो, पण असा नियम करता येतो हे त्याने दाखवून दिलं. जिथे तो नाही तिथे खरेदी करतानाच विक्रेत्याला विचारा: टब उघडतो का, गॅस्केट सुटं मिळतं का, पार्ट किती वर्षं देणार? उत्तर लेखी मागा.

प्रश्न: मिक्सरचा कपलर वर्षात तिसऱ्यांदा तुटला. ‘सेम टू सेम’ म्हणून दिलेला बसतो, पण खडखडतो. लोखंडी बसवून घेऊ का?

उत्तर: लोखंडी नको. कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारी दातेरी चकती, रबर-प्लॅस्टिकचा ठेवतात तो मुद्दाम. भांडं अडलं की तो तुटावा आणि मोटर वाचावी म्हणून. लोखंडी बसवलात तर पुढच्या वेळी मोटर जळेल. वर्षात तीन कपलर जातात म्हणजे भांड्यातच अडथळा आहे. रिकामं भांडं हातात घ्या आणि खालचा भाग बोटांनी फिरवा. दोन-तीन फेरे सहज फिरायला हवा. करकरत असेल तर भांड्याची बुश बदला.

खडखडीचं कारण उंची. दात आणि आटे जुळले तरी कपलर दोन मिलिमीटर बुटका असला की दात टोकाशीच पकडतात. जुना तुटका कपलर टाकू नका, तो शेजारी ठेवूनच नवा निवडा. काढताना मिक्सर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेला कपलर फिरवा, अर्थात प्लग काढून आणि खालून शाफ्ट धरून. आटे असे दिलेले असतात की चालताना तो घट्ट होत जावा. उलट्या दिशेला जोर लावणाऱ्यांनी मोडलेले शाफ्ट मी खूप पाहिले आहेत.

प्रश्न: जुन्या गीझरचा कट-आउट मिळेना, म्हणून मेकॅनिकने ‘डायरेक्ट’ करून दिला. पाणी मस्त तापतंय. चालेल ना?

उत्तर: नाही. हे वाचून झाल्यावर गीझरचा प्लग काढा, आजच.

थर्मोस्टॅट कधी ना कधी चिकटतो. तो चिकटला की वीज तोडणारा शेवटचा पहारेकरी म्हणजे कट-आउट. तो नसेल तर बंद टाकीत पाणी उकळत राहतं, दाब वाढतो, आणि दाबाचा व्हॉल्व्ह क्षाराने बसलेला असला तर टाकी फुटते. आणि हा भाग दुर्मीळही नाही. अँपिअर, तुटण्याचं तापमान आणि बसण्याची पद्धत जुळली की दुसऱ्या मेकचा चालतो. तोवर पाणी दुसऱ्या रीतीने तापवा. जिथे पार्टचं काम माणूस वाचवणं असतं, तिथे पार्टशिवाय यंत्र चालवायचं नाही. हाच नियम गॅसच्या उपकरणांनाही.

प्रश्न: वडिलांनी घेतलेला ३५ वर्षांपूर्वीचा फ्रिज परवा अचानक बंद पडला. गॅस संपला असेल, त्यातला गॅस आता मिळत नाही, म्हणतात. वडील आता नाहीत. तो वाचवता येईल का?

उत्तर: त्या वयाच्या फ्रिजमध्ये बहुधा आर-१२ नावाचा गॅस असतो, मागच्या प्लेटवर लिहिलेलं असेल. ओझोन थराला मारक म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. विकसित देशांत १९९५ अखेर, विकसनशील देशांत २०१० पर्यंत. कोणी म्हणेल, आर-१३४ए हा नंतरचा गॅस भरून देतो. भरू देऊ नका. जुन्या कॉम्प्रेसरमधलं खनिज तेल त्यात विरघळत नाही, ते नळ्यांत अडकतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. आर-६००ए हा दुसरा गॅस जुन्या तेलाशी जमतो, पण तो पेट घेणारा वायू आहे, आणि तुमच्या फ्रिजच्या आतल्या थर्मोस्टॅटला आणि दिव्याच्या बटणाला ठिणगी उडते.

पण ‘अचानक बंद पडला’ हे तुमचे शब्द मला धीर देणारे वाटतात. गॅस गळतो तेव्हा कॉम्प्रेसर चालू राहतो आणि गारवा दिवसेंदिवस कमी होतो. एकदम गप्प होणं म्हणजे बहुधा विजेचा दोष: रिले, ओव्हरलोड (कॉम्प्रेसर जास्त तापला की वीज तोडणारा भाग) किंवा थर्मोस्टॅट. तिघेही मापाने मिळतात. थर्मोस्टॅट घेताना त्याच्या बारीक नळीची लांबी बघा, आणि नॉबच्या मधोमध बर्फ वितळवायचं बटण असेल तर तसाच घ्या. मेकॅनिकला बजावून सांगा, आधी वीज तपास, नळीला हात लावू नकोस. ती बंद व्यवस्था एकदा फोडली की आतला गॅस गेलाच, आणि मग परतीची वाट नाही.

रिले बदलून कॉम्प्रेसर पुन्हा घुमायला लागला तर मला जरूर कळवा.