शिडाची जुनी बोट घेताना

प्रश्न : आम्ही पती-पत्नी व दोन लहान मुले सुट्ट्यांत समुद्रावर फिरता यावे म्हणून मुंबईतील एक जुनी, ३० फुटी, फायबरग्लासची शिडाची बोट घेण्याच्या विचारात आहोत. मालकांनी तळाला नुकताच रंग दिला आहे आणि इंजिन उत्तम असल्याचे ते सांगतात. आम्ही काय तपासावे? पुढे बोट खंभातच्या आखातात, बडोद्याजवळ आणून ठेवता येईल का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण खर्चाचे गणित त्यावर अवलंबून आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक काही ठिकाणी १० मीटरच्या वर जातो, प्रवाहाला ओढ फार असते आणि ओहोटीला दूरवर चिखल उघडा पडतो. खोल कील (बोटीचा तोल राखणारे, तळाखालचे वजनदार पाते) असलेल्या बोटीचे तिथे काम नाही. म्हणजे बोट मुंबईतच राहणार आणि सुमारे ३९० किलोमीटरवरून तिची देखभाल दुसऱ्याच्या हातून करवून घ्यावी लागणार. बोट बांधण्याची जागा, पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढून घेण्याचा खर्च आणि राखणदाराचा पगार लिहून काढल्याशिवाय किमतीची बोलणी सुरू करू नयेत.

नव्या रंगाने हुरळून जाऊ नये. त्याखाली डागडुजी सहज झाकली जाते. शक्यतो पावसाळ्यात, बोट किनाऱ्यावर असतानाच ती पाहावी, म्हणजे तळही उघडा दिसतो आणि आत कुठे गळते तेही कळते. तळावरच्या थोड्याशा फोडांनी, माझ्या मते, लोक उगाच घाबरतात. खरी महागडी दुरुस्ती डेकची, म्हणजे आपण ज्यावर वावरतो त्या वरच्या पृष्ठाची असते. पुष्कळ बोटींत डेकच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड असते आणि स्क्रूच्या छिद्रांतून पाणी मुरून ते कुजते. माठ घेताना आपण वाजवून पाहतो, तसा सारा डेक स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाजवावा. आवाज बद्द आला किंवा पायाखाली दबल्यासारखे वाटले, तर किंमत बरीच उतरवून घ्यावी अथवा परत फिरावे.

कील जिथे तळाला जोडलेली असते, तिथे भेग किंवा गंजाचा ओघळ दिसतो का, ते पाहावे आणि बोट कधी खडकावर आपटली होती का, हे मालकांना स्पष्ट विचारावे. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ ही बोट कील निखळल्याने अटलांटिक महासागरात उलटली आणि तिच्यावरील चौघेही गेले. आधी तळ आपटल्यामुळे व नंतरच्या दुरुस्त्यांमुळे तो भाग कमकुवत झाला असावा, अशी शक्यता चौकशीत नोंदवली गेली.

इंजिन आपण पोहोचण्याआधी सुरू करू नये, असे मालकांना बजावावे. थंड इंजिन कसे सुरू होते, तेच पाहायचे असते. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी गेले आहे. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा १० ते १५ वर्षांत बदलतात. बदलल्याची पावती नसेल, तर तो खर्च आपला धरावा.

एवढे पाहून बोट पसंत पडली, तरी मालकांनी सुचवलेला नव्हे, तर आपण नेमलेला सर्व्हेअर (बोटींची तपासणी करणारा तज्ज्ञ) आणावा आणि बयाणा देताना ‘तपासणी व समुद्रातील चाचणी समाधानकारक झाल्यास’ ही अट लेखी घालावी. बोट परदेशी बनावटीची असल्यास सीमाशुल्क भरल्याचे कागद मागावेत. शिडे, नांगर व साखळी यांची यादी करारात असावी. लाइफ जॅकेटे मात्र त्या यादीत धरू नयेत. हरणी तलावात जानेवारी २०२४ मध्ये बोट उलटून शाळकरी मुले बुडाल्याची दुर्घटना आपल्या शहराने पाहिली आहे. मुलांसाठी त्यांच्या वजनाप्रमाणे नवीच घ्यावीत.