२२० ची कॉफी परवडते का ओ?

प्रश्न : मुलगा विश्रामबागला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवड्यातनं तीनदा तरी मित्रांबरोबर कॉफी शॉपमध्ये जातो, एका वेळचे २२०-२५० रुपये. ह्यांचं म्हणणं, १० रुपयाला टपरीवर फक्कड चहा मिळतो, कॉफीत एवढं काय सोनं घालतात? मुलगा म्हणतो तुम्हाला नाही कळायचं. मला दोघांचंही पटतं, आता तुम्हीच सांगा.
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी हिशोब करू, मग भांडण मिटवू. चांगल्या कपात डबल शॉट, म्हणजे कॉफीच्या अर्काचा दुप्पट डोस धरला तर साधारण १८ ग्रॅम पावडर लागते. चांगल्यातली चांगली भाजलेली कॉफी पाव किलो ५०० ला धरली तरी ती झाली ३६ रुपयांची, त्यात दीडशे मिली दूध ९ रुपयाचं, साखर-टिश्यू धरून ५० च्या वर काय जात नाही. आणि शॉपवाला घाऊक घेतो म्हणजे त्याला त्याहून स्वस्तच पडत असणार. मग उरलेले १७० कुठं गेले? तर लाखांतलं मशीन, भाडं, एसीचं बिल, पोरांचे पगार, आणि मुख्य म्हणजे ती खुर्ची. टपरीवाल्याचं गिऱ्हाईक पाच मिनिटांत चहा पिऊन हलतं, इथं चार पोरं दोन कपांवर दोन-दोन तास बसतात, लॅपटॉप चार्जिंगला लावून. त्या टेबलाचं भाडं कपातनंच वसूल होणार की.

त्यामुळं माझं मत असं की पैसे कॉफीचे नसतातच, जागेचे असतात. तुमचा मुलगा तिथं बसून प्रोजेक्ट करत असेल, गप्पा मारत असेल, तर त्याला काहीतरी मिळतंय. आणि एक गोष्ट ह्यांना जरूर सांगा, टपरीवर पोरं बिनधास्त उभी राहतात, पण त्यांच्याच वर्गातल्या मुली तिथं अर्धा तास उभ्या राहिल्या तर येणारा-जाणारा वळून बघतो. चार जणांनी मिळून निवांत बसावं अशी बंद दाराची, पंख्याखालची, बाथरूम असलेली जागा आपल्याकडं अजून किती आहे सांगा बरं?

पण म्हणून काहीपण प्यावं असं नाही हां. तो नेमकं काय मागवतो ते विचारा. बहुतेक ते उंच ग्लासातलं थंड असणार, कॅरॅमल-बिरॅमलवालं. एकदा काउंटरला उभं राहून ते बनवताना बघा, ग्लास निम्म्याच्या वर बर्फानं भरतो, मग सिरपच्या बाटलीचं डोकं दोन-तीनदा दाबायचं, दूध, वर क्रीमचा डोंगर, त्यावर परत सिरपच्या रेघा, आणि कॉफी कुठं तर मधे एक घोटभर ओतलेली. ती कॉफी नाही ओ ताई, ते मिल्कशेक आहे आणि भाव मात्र कॉफीपेक्षा जास्त. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरनं घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, म्हणजे सहा चमचे, आणि असल्या एका ग्लासात ती सहज संपते. त्याच मेनूत वरच्या कोपऱ्यात साधी अमेरिकानो (अर्कात नुसतं गरम पाणी) नाहीतर कॅपुचिनो (अर्कावर दूध आणि फेस) असते, बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त तीच, आणि त्या मशीनचं खरं काम त्यातच दिसतं. साधारण ९ बारच्या (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या नऊपट) प्रेशरनं २५-३० सेकंदात अर्क उतरतो, तो घरी गॅसवर होत नाही, त्यासाठी दिलेले पैसे मी तरी वाया म्हणणार नाही.

सगळ्यात तोट्याचा व्यवहार म्हणजे ॲपवरनं घरी मागवणं. खुर्ची नाही, एसी नाही, डिलिव्हरी आणि पॅकिंग वेगळं, आणि येईपर्यंत फेस बसलेला, कोमट. ते मात्र बंदच करा.

आठवड्याला तीनदा म्हणजे टॅक्ससकट महिन्याला २७०० च्या वर जातात. रोज विचारण्यापेक्षा पॉकेटमनी ठरवून द्या आणि गप्प बसा, कुठं उडवायचे ते तो बघेल. आणि ह्यांना एकदा सोबत न्या, फक्त मेनूकार्ड तुमच्या हातात ठेवा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, रूमवर राहतो. कॉफी शॉप परवडत नाही आणि झटपट कॉफीचा कंटाळा आलाय. घरी तशी चव येईल का?
– एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : तशी नाही, पण वेगळी आणि झक्कास येईल. स्टीलचा साउथवाला फिल्टर घे. वरच्या भांड्यात दोन-तीन मोठे चमचे पावडर, हलकी दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण लावून पंधरा-वीस मिनिटं विसरून जायचं. खाली डिकॉक्शन पडतं, ते गरम दुधात घाल. डिकॉक्शन परत उकळू नकोस, कडू होतं.

पावडर घेताना पाकिटावर चिकोरी किती टक्के ते बघ. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, त्यानं रंग आणि दाटपणा येतो पण त्यात कॅफिन नसतं, त्यामुळं ४० टक्के चिकोरीवालं पाकीट स्वस्त दिसलं तरी त्यातल्या पाचातल्या दोन भागांत कॉफी नाहीच. ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी, इथून सुरू कर. मिरजेत राहतोस म्हणजे कुणी ना कुणी ओळखीचं बेंगलोरला नोकरीला असणारच, रेल्वेनं येताना अर्धा किलो आणायला सांग. देशातली सत्तरएक टक्के कॉफी कर्नाटकातच पिकते, चिकमंगळूर-कोडगूकडं, तिथं ताजी दळून देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. मात्र एकदम किलोभर आणू नकोस, दळलेल्या कॉफीचा वास पटकन उडतो.

आणि रात्रीच्या अभ्यासासाठी म्हणून उशिरा पीत असशील तर एवढं लक्षात ठेव, कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी ६ ला प्यालास तर रात्री ११ ला निम्मं अंगात असतंच. झोप बिघडली की दुसऱ्या दिवशीचा अभ्यास गेला.

प्रश्न : कॅफेच्या बिलात टॅक्स सोडून १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. द्यायलाच लागतो का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही. ५ टक्के जीएसटी द्यावा लागतो, सर्व्हिस चार्ज तुमच्या मर्जीवर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय की तो बिलात आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही ते उचलून धरलं. काउंटरला शांतपणे काढून टाका म्हणायचं, पोरावर ओरडायचं नाही, त्याच्या हातात काय नसतं. मॅनेजर ऐकेना तर बिलाचा फोटो काढा आणि १९१५ ला फोन लावा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.