पाळकालाच धीर नसेल तर मंडळीनं कुणाकडे पाहावं?

"रविवारी उपदेशात मी सांगतो, भिऊ नका, प्रभू आहे. आणि रात्री दोन वाजता मीच दचकून उठून बसतो. मग मी ढोंगीच झालो ना?"

हा प्रश्न मला पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, विचारतात, मंडळीचा (चर्चच्या सभासदांचा) कारभार पाहणारे पंच विचारतात, संडे स्कूल घेणाऱ्या बायका विचारतात. शब्द वेगवेगळे असतात, पण धास्ती एकच: पुढारी घाबरला म्हणजे त्याचा विश्वास कच्चा. एका पाळकांची हकीकत त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

औद्योगिक वसाहतीजवळची त्यांची मंडळी. निम्म्याहून जास्त घरं एकाच कंपनीवर जगणारी, तीही बहुतेक कंत्राटी. कंपनीनं रात्रपाळी बंद केली आणि कारखानाच हलणार अशी आवई उठली. उपासना सुटली की लोक दारातच गाठायचे, "साहेब, काय होईल हो?" एका रविवारी ते पुलपिटावरून बोलून गेले, "आपल्या मंडळीतल्या एकाचीही नोकरी जाणार नाही. मी प्रार्थना केली आहे." त्याच महिन्यात तिघांना घरी बसवलं. त्यातल्या एका कुटुंबानं मंडळीत येणंच सोडलं.

पाळकीणबाई, म्हणजे त्यांची पत्नी, त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. छातीत धडधड होते म्हणून ईसीजी काढून झाला होता, तो नॉर्मल. जेवण अर्ध्यावर आलेलं, झोप जेमतेम तीन तास. बाई म्हणाल्या, "माझ्याशीही बोलत नाहीत. विचारलं की म्हणतात, तू प्रार्थना कर."

जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला संपवावं असं मनात येतं का, हे मी पहिल्याच भेटीत सरळ विचारलं. विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, माणसाला बोलायला वाट मिळते. ते म्हणाले, "संपवावं असं नाही. पण सकाळी जागच येऊ नये असं वाटतं. पाळकानं असं म्हणणं पाप आहे ना?"

मी त्यांना बायबलमधल्या एलीयाची आठवण करून दिली. कर्मेल डोंगर गाजवणारा हा संदेष्टा पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा भाकर मिळते. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न फार नंतर येतो. आम्हीही तिथूनच सुरुवात केली. मानसोपचारतज्ज्ञांकडे तपासणी झाली, झोपण्याची वेळ ठरली, रात्रीचा फोन पाळकीणबाईंकडे गेला.

खरी गाठ मात्र पुलपिटावरच्या त्या वाक्यात होती. देव आपल्याला टाकणार नाही, ही आशा. कंपनी बंद पडणार नाही, हे भाकीत. पवित्र शास्त्रात पहिल्याचं वचन आहे, दुसऱ्याचं कुठेही नाही. दोन्ही एका दमात सांगितलं की भाकीत खोटं ठरताना आशेलाही घेऊन बुडतं. अस्थिर काळात पुढाऱ्याच्या हातून होणारी ही सगळ्यात मोठी हानी आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि ती बहुधा प्रेमापोटीच होते.

त्यांना मी उपदेशाची वही आणायला सांगितलं. ज्याची खात्री आहे त्या वाक्याखाली रेघ मारायची, एवढंच काम. ते भराभर रेघा मारत गेले. ‘प्रभू तुमची मिळकत कमी होऊ देणार नाही’ या ओळीपाशी पेन्सिल अडली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हे मला माहीत नाही. असं व्हावं असं वाटतं, म्हणून लिहिलं."

"मग काय मंडळीसमोर रडू?" त्यांनी विचारलं. तसंही नाही. गेथशेमाने बागेत येशूनं आठ शिष्यांना अलीकडे बसवलं आणि तिघांना पुढे नेलं. ‘माझा जीव मरणप्राय दुःखी आहे’ हे तो त्या तिघांजवळ बोलला. पाळकालाही असे तिघं हवेत, ज्यांच्याजवळ काही झाकावं लागत नाही. आमच्या पाळकांनी नावं ठरवली: पाळकीणबाई, एक निवृत्त शिक्षक असलेले पंच आणि शेजारच्या तालुक्यातले एक पाळक.

एकदा ते म्हणाले, "पंडिता रमाबाईंसारखा विश्वास कुठून आणू?" मी त्यांना १८९७ चं केडगाव आठवायला सांगितलं. रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर हलवावं लागलेलं. दुष्काळ किती लांबेल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण या मुली आज कुठे झोपतील आणि काय खातील, याची सोय करता येत होती आणि ती रमाबाईंनी केली.

पुढच्या पंचांच्या बैठकीत त्यांनी भविष्य सांगायचं सोडून घरांची यादी काढली. कुणाच्या मुलांची फी तटली आहे, कुणाला किराणा हवा, कुणाचा पगार थकला आहे. मंडळीतले एक निवृत्त कारकून पीएफचे अर्ज भरून द्यायला आणि लोकांबरोबर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायला तयार झाले. पाळक स्वतः त्या न येणाऱ्या कुटुंबाच्या घरी गेले. "मी बोललो ते माझ्या अधिकारात नव्हतं, मला माफ करा," असं म्हणाले. घरचा माणूस म्हणाला, "साहेब, तुमचं बोलणं आम्ही कधीच सोडून दिलं. नोकरी गेल्यावर तुम्ही फिरकलाच नाहीत, ते लागलं." हे ऐकायला ते तयार नव्हते, पण उठून आले नाहीत, तासभर बसले.

कंपनीचा निर्णय अजून लागलेला नाही. एखाद्या रात्री त्यांना अजूनही जाग येते, आता ते पाळकीणबाईंना उठवतात. ते कुटुंब सध्या फक्त घरच्या प्रार्थनासभेला येतं.

तुम्ही मंडळीत पुढारपण करत असाल आणि झोप, भूक किंवा जगण्याची इच्छा दोन आठवड्यांहून जास्त काळ हरवली असेल, तर प्रार्थना चालू ठेवाच आणि डॉक्टरांनाही भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.