बोर्ड आऊट झालेल्या जवानाची घरी सेवा करणाऱ्या बायकोला सरकार काही देतं का?

ताई, इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. भावाच्या पाठीच्या कण्याला ड्युटीवर मार लागला, कमरेखालची हालचाल गेली, बोर्ड आऊट होऊन, म्हणजे मेडिकल बोर्डाने नोकरीसाठी अपात्र ठरवल्याने, तो घरी आलाय. वहिनींनी नोकरी सोडली. अमेरिकेत अशा बायकांना सरकार दरमहा पैसे देतं असं तुम्ही वाचलंत, आणि आपल्याकडे तसं काही आहे का, हे विचारताय.

वहिनींच्या नावाने काही नाही. भावाच्या नावाने आहे, पण तेही आपोआप येईल या भरवशावर राहू नका. मी पायदळात क्लार्क होतो, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. आता तालुक्यातल्या पोरांचे कागद करून देतो, म्हणून हे जरा तपशिलात लिहितोय.

तुमच्या कामाचा भत्ता म्हणजे कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स. आमच्यात त्याला नुसतं सीएए म्हणतात. (दिल्लीतल्या त्या नागरिकत्वाच्या कायद्याशी याचा काही संबंध नाही. गावात एकदा यावरून चांगलाच गोंधळ झाला होता.) ज्याला शंभर टक्के अपंगत्व आहे आणि ज्याला उठायला, बसायला, शौचाला दुसरा माणूस लागतोच, त्याला पेन्शनसोबत ही रक्कम मिळते. सातव्या वेतन आयोगानंतर ती महिना ६,७५० रुपये झाली. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की ती पाव पटीने वाढते. जानेवारी २०२४ मध्ये तो टप्पा आला आणि रक्कम ८,४३८ झाली. एवढ्यात दिवसरात्र माणूस मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी हक्काचा पैसा आहे, सोडू नका.

तो मिळण्यासाठी दोन गोष्टी कागदावर हव्यात: शंभर टक्के अपंगत्व, आणि कायम मदतनीस लागतो अशी मेडिकल बोर्डाची शिफारस. पहिली असते आणि दुसरी राहून जाते, अशी प्रकरणं माझ्याकडे येतात. बोर्ड होतं तेव्हा पेशंट दवाखान्यात असतो, युनिटने दिलेला जवान शेजारी उभा असतो, नर्सिंगचा स्टाफ असतो. घरी गेल्यावर हे सगळं एकटी बाई करणार आहे, हे त्या क्षणी कोणाच्या डोक्यातच नसतं. जवान युनिटला परततो, पेशंट गावी येतो. म्हणून भावाच्या बोर्डाच्या कागदांची प्रत आधी हातात घ्या आणि शिफारस आहे का ते बघा. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांचे सेवेचे कागद ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला, अर्ज करून पुन्हा बोर्डाची मागणी करायची. असेल आणि पीपीओवर (पेन्शनच्या आदेशाच्या कागदावर) भत्ता दिसत नसेल, तर तोच कागद जोडून तक्रार करायची. पेन्शन आता ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर आहे, तक्रार तिथेच टाकता येते. त्याशिवाय एक प्रत रजिस्टर पोस्टाने रेकॉर्ड ऑफिसला पाठवाच. माझा ऑनलाइनवर विश्वास आहे, पण पोस्टाच्या पावतीवर जरा जास्त आहे.

शेजारच्या गावात एक वहिनी आहेत. नवऱ्याची मान मोडलेली, हातही नीट चालत नाहीत. त्यांनी दोनशे पानी वही घातली होती: रात्री अकराला डावी कूस, एकला उजवी, तीनला पुन्हा डावी. पुढे लघवीच्या पिशवीचं माप, रंग, कॅथेटर बदलल्याची तारीख. रोज सकाळी टाचा आणि माकडहाड बघून ‘लाल नाही’ किंवा ‘डावी टाच लाल’. ही वही त्यांनी भत्त्यासाठी लिहिली नव्हती. जखमा होऊ नयेत म्हणून खडकीच्या लष्करी रुग्णालयातल्या नर्सनी सवय लावली होती. पण फेरबोर्डाच्या वेळी डॉक्टरांनी ‘मदतनीस नक्की कशासाठी लागतो’ विचारलं, तेव्हा त्यांनी वही टेबलावर ठेवली. नंतर कोणी काही विचारलं नाही. तुमच्या वहिनींना आजपासून अशी वही सुरू करायला सांगा.

आता मूळ पेन्शन. भत्ता त्याच्यावर उभा आहे, म्हणून ते बरोबर आहे का हे आधी तपासा. बोर्ड आऊट झालेल्याच्या अपंगत्व पेन्शनचे दोन भाग असतात. पहिला सेवेचा, शेवटच्या पगाराच्या निम्मा. दुसरा अपंगत्वाचा, शंभर टक्क्यांना पगाराच्या ३० टक्के. शत्रूशी चकमक, सुरुंगाचा स्फोट किंवा सरकारने अधिसूचित केलेली कारवाई यात जखमी झाला असेल तर ती वॉर इंज्युरी धरतात आणि दुसरा भाग शंभर टक्के अपंगत्वाला पगाराच्या १०० टक्के होतो. म्हणजे तिपटीहून जास्त फरक. अपघाताचा अहवाल, युनिटचा पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदींचा अधिकृत आदेश) यात काय शब्द पडलेत त्यावर हे ठरतं, म्हणून ते कागद मागवून घ्या.

‘ड्युटीवर’ असं तुम्ही लिहिलंय. पण बोर्डाने दुखापत सेवेमुळे झाली किंवा सेवेमुळे वाढली असं मान्य केलंय ना? ते मान्य नसेल तर अपंगत्वाचा भाग जातो, आणि त्याच्यावरचा भत्ताही. आपल्याकडे नेहमीचं उदाहरण म्हणजे सुट्टीवर आलेला जवान गावात मोटारसायकलवरून पडतो. तिथे अपघाताचा नोकरीशी संबंध दाखवावा लागतो, आणि तो बहुतेकदा दाखवता येत नाही. तोच जवान युनिटहून घरी येताना किंवा सुट्टी संपवून परत जाताना वाटेत पडला, तर तो प्रवास ड्युटीत धरतात. तेव्हा रेल्वेचं तिकीट, वॉरंट (सरकारी प्रवासाचा पास), एसटीचं तिकीट, जे असेल ते जपून ठेवा. दावा फेटाळला गेला तर पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं, मग दुसरं, आणि तिथेही नाही जमलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अपंगत्व पेन्शनच्या बाबतीत तिथून बऱ्याच लोकांना न्याय मिळालाय, खर्च आणि वर्षं जातात ते वेगळं.

भाऊ अग्निवीर असेल तर मात्र वरचं सगळं विसरा. त्यांना पेन्शनच नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला एकरकमी पैसे आहेत: शंभर टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. रक्कम ऐकायला मोठी वाटते. बावीस वर्षांचं पोर पुढे चाळीस वर्षं अंथरुणावर असेल आणि आईला त्याच्यामागे उभं राहायचं असेल, तर ती किती पुरेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

प्रशिक्षणात जखमी झालेल्या कॅडेटांची गोष्टही अशीच. खडकवासल्याच्या एनडीएतून बोर्ड आऊट झालेली पोरं माजी सैनिकच मानली जात नव्हती. वर्षानुवर्षं त्यांच्या आयाच त्यांना कूस बदलून देत होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे त्यांना ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, दार उघडलं.

ईसीएचएसबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. कार्ड फक्त भावाचं नाही, वहिनींचंही असतं. अडीच मणाचा माणूस दिवसातून आठ वेळा खाटेवरून चाकाच्या खुर्चीत हलवणाऱ्या बाईची कंबर जातेच. झोप नाही, माणसात जाणं नाही, मन थाऱ्यावर राहत नाही. तिचे एक्स-रे, तिची औषधं, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाणं, हे सगळं तिच्या कार्डावर होतं. ती स्वतःसाठी पॉलिक्लिनिकला जाईल असं काहीतरी बघा. जवान अविवाहित असेल आणि आई करत असेल, तर आईवडीलही अवलंबित म्हणून येतात. फक्त त्यांचं मासिक उत्पन्न ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता याच्या आत हवं.

सेवा करणाऱ्याला शिकवणारी आणि थोडा श्वास घेऊ देणारी जागा आपल्याकडे पुण्यातच आहे. खडकीच्या लष्करी रुग्णालयात मणक्याच्या दुखापतीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि खडकीलाच १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर चालू आहे. तसंच दुसरं मोहालीत. ज्याचं घरी करायला कोणी नाही असा जवान तिथे कायमचा राहू शकतो. काही घरांत हे नाव काढलं तरी ‘टाकून आलात’ म्हणतात. मला ते पटत नाही. तिथे चाकाच्या खुर्च्यांसाठी रॅम्प आहेत, खेळ आहेत, आपल्यासारखीच दहा माणसं आहेत. सातारच्या वाड्यात उंबरठा ओलांडायला चार जण लागतात. भावाला विचारा, वहिनींना विचारा, गावाला विचारू नका. पाय गेलेल्यांसाठी वानवडीकडे कृत्रिम अवयव केंद्र आहे, ते १९४४ पासूनचं, पण तुमच्या कामाचं नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन यायचंच. केंद्रीय सैनिक मंडळाच्या योजना, मुलांच्या फीची सवलत, ग्रामपंचायतीची घरपट्टी माफी, हे तिथून मार्गी लागतं. घरात कमावतं कोणी नसेल तर वहिनींच्या नोकरीसाठी तिथेच बोला. गंभीर अपंगत्व आलेल्या जवानाच्या कुटुंबातल्या दोघांपर्यंत केंद्राच्या खालच्या श्रेणीतल्या नोकऱ्यांत प्राधान्य आहे. आता चोवीस तास सेवा करणारी बाई नोकरीला कशी जाणार, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. योजना करणाऱ्यांना तो ऐकू आलेला दिसत नाही.

अमेरिकेचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. २०१० च्या कायद्याने तिथे घरच्या माणसालाच, म्हणजे बायकोला, आईला, भावाला, थेट दरमहा मानधन सुरू झालं. दुसरा विमा नसेल तर आरोग्य विमा, प्रशिक्षण, समुपदेशन, आणि वर्षाला किमान तीस दिवस तिला सुट्टी, म्हणजे तेवढे दिवस सरकार बदली माणसाची सोय करतं. सुरुवातीला ते फक्त ११ सप्टेंबर २००१ नंतर जखमी झालेल्यांसाठी होतं. २०१८ च्या कायद्याने व्हिएतनामवाल्यांना आणि मग ऑक्टोबर २०२२ पासून सगळ्यांना लागू झालं. तिकडेही आनंदीआनंद नाही. नियम बदलून फेरतपासणी सुरू केली तेव्हा जुन्या कुटुंबांची नावं धडाधड गळायला लागली, ओरड झाली, आणि मार्च २०२२ मध्ये ती कपात थांबवावी लागली. पण पैसा बाईच्या खात्यात येतो. माझ्या मते खरा फरक तिथे आहे, रकमेत नाही. आपल्याकडे ती पीपीओवर फक्त ‘पत्नी’ आहे, तिच्या कामाची कुठे नोंद नाही.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. त्यात आईवडील आणि घरची माणसं स्पष्टपणे येतात, पैसे घेऊन करणारी आणि न घेता करणारीही. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांना काळजीवाहक भत्ता द्यावा हेही लिहिलंय, ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाट ठेवून. केरळने तर अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्या घरच्या माणसाला २०१० पासून महिना काहीशे रुपये का होईना, दिले. तेव्हा माजी सैनिकांच्या संघटनांनी वन रँक वन पेन्शनसाठी लावला तसा जोर इथेही लावायला हरकत नाही. मेळाव्यात हा विषय काढला की ‘वीरपत्नींचा सत्कार’ एवढ्यावर भागवतात.

नको ते बोलतोय, पण बोलायलाच हवं: भाऊ गेला तर काय. सीएए त्याच्याबरोबर बंद, अपंगत्वाचा भागही बंद. वहिनींना साधं कुटुंब निवृत्तीवेतन म्हटलं तर पगाराच्या ३० टक्के. मृत्यू त्याच दुखापतीमुळे झाला हे मान्य झालं तर विशेष, ६० टक्के. कण्याचे पेशंट बहुधा किडनीने, जखमांतून पसरलेल्या जंतुसंसर्गाने जातात, आणि घाईत डॉक्टर दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद’ लिहून मोकळे होतात. त्या दोन शब्दांनी बाईची निम्मी पेन्शन जाऊ शकते. उपचाराचे कागद सलग तारखेने लावून ठेवा, म्हणजे मूळ दुखापतीपर्यंतची साखळी दिसेल. वहिनींचं नाव, जन्मतारीख, आधारवरचं स्पेलिंग पीपीओशी जुळतंय का तेही आत्ताच बघा. लग्न बोर्ड आऊट झाल्यानंतर झालं असेल तरी हक्क आहे, फक्त नोंद करून घ्यावी लागते. हयातीच्या दाखल्यासाठी त्याला उचलून बँकेत नेऊ नका. मोबाइलवर चेहरा दाखवून ‘जीवन प्रमाण’ होतं.

डोक्याला मार लागून शुद्धच नाही, सही नाही, अशा घरांसाठी एक ओळ: मुखत्यारपत्र तिथे उपयोगाचं नाही, कारण ते द्यायलाही सही लागते. पालक म्हणून नेमणूक उच्च न्यायालयातून घ्यावी लागते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अशा बायकांना ती दिलेली आहे.

ताई, आता तुम्ही एवढं कळवा: पीपीओवर अपंगत्वाची टक्केवारी किती लिहिलीय, ते किती मुदतीसाठी आहे की कायमचं, आणि बोर्डाच्या कागदात मदतनिसाबद्दल काय शेरा आहे. नाव, नंबर इथे टाकू नका, फक्त शेरा जसाच्या तसा लिहा. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो.